पाचव्या तासाचं माणूस

प्रश्न १. शेवटचा फवारा कधी घेतला?

"सकाळी साडेनऊला," पलीकडचा पोरगा म्हणाला. "पण मॅडम, माझी तक्रार फवाऱ्याबद्दल नाही. शालिकरामकाकांबद्दल आहे."

"शालिकरामकाका कोण?"

"माझे केस कापतात."

रेणुका ढोमणेनं कीबोर्डवरचे हात उचलले. "काय केलं त्यांनी?"

"काहीच नाही केलं हो. तोच तर वांधा आहे. या महिन्यात मी सात वेळा केस कापून घेतले. आता डोक्यावर कापायला काही उरलं नाही. परवा दुकान बंद होतं तर पायरीवर बसून रडलो. मी बँकेत अधिकारी आहे मॅडम."

"म्हणजे तुम्हाला त्यांच्याबद्दल..."

"तसलं काही नाही! पासष्ट वर्षांचे आहेत ते. पण ते दिसले की जिवाला बरं वाटतं, नाही दिसले की घास उतरत नाही. आणि जिच्यासाठी फवारा घेतला होता ना, तिचं नावही आठवत नाही."

समोरच्या फॉर्ममध्ये रकाने होते ते असे : डोकेदुखी, नाक कोरडं पडणं, मळमळ, झोप, इतर. रेणुकानं 'इतर'मध्ये लिहिलं, 'केस कापणारे काका.' लिहून तिला हसू आलं आणि लगेच गेलंही. आठवड्यातलं हे चौथं 'इतर' होतं. एका मुलीचा जीव घरमालकाच्या वकिलावर जडला होता. एकाला पाठदुखीचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंशिवाय करमत नव्हतं, आणि त्याची पाठ तर केव्हाच बरी झाली होती.

रेणुका सत्तावीस वर्षांची. नागपुरात 'असंग' नावाच्या फवाऱ्याच्या तक्रार कक्षात दिवसभर लोकांचे फोन घ्यायची. बाटलीवर नाव असंग, पण लोक त्याला 'फुस्स' म्हणत. नाकात मारताना तसा आवाज यायचा म्हणून.

फुस्सची गोष्ट एका उंदरापासून सुरू होते. अमेरिकेतल्या गवताळ माळावर एक लहानसा उंदीर असतो. त्याचा नर आणि मादी एकदा जुळले की बहुधा जन्मभर एकत्र राहतात. शास्त्रज्ञांनी त्याचा मेंदू तपासला. दोन रसायनं सापडली. ती किल्लीसारखी, आणि मेंदूतल्या ठरावीक पेशींवर त्यांची कुलपं. जवळ येताना किल्ली फिरते, कुलूप उघडतं, समोरचं माणूस आत येतं. कुलपं आधीच बुजवून टाकली तर उंदीर जवळ येतात, पण जोडी जमत नाही. आपापल्या वाटेनं चालू लागतात.

'असंग' म्हणजे कुलपं बुजवणारं मेण. भेटीनंतर अर्ध्या तासात दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा. जीव जडणार नाही, दुसऱ्या दिवशी फोनकडे डोळे लावून बसणं नाही, रडारड नाही. तीन वर्षांत शहरातल्या पंचवीस-तिशीच्या पोरापोरींनी प्रेमाचा जुना रस्ता सोडून दिला. भेटायचं, मोकळं व्हायचं, फुस्स. त्यातही एक रीत पडली : फवारा दोघांनी समोरासमोर घ्यायचा. एकानं चोरून टाळला आणि गुंतला, तर दुसऱ्याच्या गळ्यात लोढणं.

प्रश्न २. सोबत कोण होतं?

रेणुकाच्या सोबत अंशुल गेडाम असायचा.

अंशुल अहेरीचा. जंगलावर फिरणारी ड्रोन सांभाळणं हे त्याचं काम. बॅटऱ्या बदलून घ्यायला दर दुसऱ्या शनिवारी नागपूरला यायचा, रविवारी सकाळी बिनचालकाच्या बसनं परत. मधला वेळ रेणुकाच्या खोलीवर. एकोणीस रविवार झाले होते. नियम तीन-चार : वाढदिवस विचारायचे नाहीत, फोटो नाहीत, आईबापांचा विषय नाही.

"नाक वर कर," ती रविवारी सकाळी साडेनऊला आरशासमोर म्हणायची.

"तू आधी."

"बरोबर घ्यायचंय, बावळ्या. एक, दोन..."

फुस्स. फुस्स. दोघंही शिंकायचे, हसायचे. मग तो बूट चढवायचा.

"पोचलास की फोन कर."

हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्याच रविवारी निघालं होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. घरातून निघालेल्या माणसाला आपल्याकडे हे सांगतातच. पाहुण्याला सांगतात, गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही पाऊस असला तर सांगतात. नियमात ते बसत नव्हतं, पण नियमांना ते दिसलंही नाही. दुपारी अडीचला फोन यायचा.

"पोचलो बे."

"बरं. जेवून घे."

"हाव. ठेवतो."

चाळीस सेकंदं. कधी पन्नास.

त्या रविवारी अंशुल बसकडे गेला आणि पुलगावहून आईचा फोन आला. वधू-वर मंडळाच्या झाडेकाकांनी स्थळ आणलंय, मुलगा अमरावतीचा, संकेत डाखोरे, पाण्याच्या प्रकल्पावर अभियंता. तीन आठवड्यांनी रविवारी चारला बघायला येणार.

"मी नाही येत," रेणुका म्हणाली.

"बघायला काय जातं? बघून नाही म्हण."

"मागच्या वेळी नाही म्हटलं तर तू आठ दिवस बोलली नव्हतीस."

"या वेळी चार दिवसच नाही बोलणार. ये."

प्रश्न ३. फवाऱ्यानंतर पाच तासांनी तुम्ही कोणासमोर होता?

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. रेणुकानं आपल्या मनानं वाढवला. शालिकरामकाकांवर जीव जडलेल्या पोराला तिनं सहज विचारलं होतं, "केस कापायला किती वाजता गेला होतात?" तो म्हणाला, अडीच. नेहमी अडीच. त्याची सुट्टी तेव्हाच असते. मग तिनं वकीलवालीला परत फोन केला. साडेदहाला फवारा, साडेतीनला वकील.

जुन्या नोंदींतल्या 'इतर'वाल्यांनाही फोन लावले. एकशे बारा उत्तरं जमली तेव्हा ती यादी घेऊन बारापात्रे मॅडमसमोर उभी राहिली. बारापात्रे मॅडम कक्षाच्या प्रमुख. प्रयोगशाळेत वीस वर्षं काढून इथे आलेल्या. दुपारचा डबा खात होत्या.

"कोणाला विचारून वाढवलास प्रश्न?"

"कोणालाच नाही."

मॅडमनी यादी वाचली. पोळीचा घास हातातच राहिला. "बस," त्या म्हणाल्या. "मेंदू मूर्ख नसतो रेणुका. कुलपं बुजवली, किल्ली फिरेना, तर तो काय करतो? आणखी कुलपं बसवतो. दुप्पट, तिप्पट. आणि पाचव्या तासाला मेण एकदम वितळतं. सगळी कुलपं रिकामी, सगळी वाट बघत असलेली. त्या वेळी किल्लीची फार गरजच पडत नाही. एखादा ओळखीचा आवाज, एखादा मायेचा हात पुरतो. वीस मिनिटं टिकतं हे. त्या वीस मिनिटांत जे समोर असेल ते आत."

"आणि नंतर?"

"नंतर दार लागतं. माणूस आत राहून जातं."

"तुम्हाला माहीत होतं?"

मॅडम डबा बंद करू लागल्या. "उंदरांत दिसलं होतं. माद्या त्यांना दाणे घालणाऱ्या मुलीच्या हाताला चिकटायच्या. आम्हाला वाटलं, गोड आहे."

रेणुका हसली नाही. तिचं डोकं दुसरीकडेच गेलं होतं. साडेनऊ अधिक पाच. तिनं बोटांवर मोजलं. परत मोजलं. एकोणीस वेळा मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं.

अडीच.

"मॅडम, नुसता आवाज पुरतो? फोनवरचा?"

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "किती वेळा?"

"एकोणीस."

"पुरतो," मॅडम म्हणाल्या.

"आणि पुसायचं असेल तर?"

"पुसत नाही. पण वर दुसरं बसवता येतं. नवा फवारा, पाचवा तास, समोर दुसरं कोणी. ताजं जिंकतं."

प्रश्न ४. आता कसं वाटतं?

आठ दिवसांत बातमी फुटली. कोणी फोडली ते कळलं नाही. मॅडम मात्र त्या आठवड्यात कोणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

मग शहर उलटंपालटं झालं. मोकळं राहायचं म्हणून फुस्स घेणारे पाचव्या तासाला दारं लावून, फोन बंद करून, भिंतीकडे तोंड करून बसू लागले. ज्यांनी आजीचं सोवळं थट्टेवारी नेलं होतं तेच आता सांगू लागले, "अडीच ते तीन मला शिवू नका." एका व्यायामशाळेनं नव्या सभासदांना पहिल्या दिवशी सकाळी फवारा फुकट द्यायला सुरुवात केली. एका कचेरीत साहेबांनी दुपारच्या बैठकीच्या दिवशी सकाळीच सगळ्यांना सर्दीचं औषध म्हणून तेच दिलं, आणि पंधरा लोकांना साहेब आवडू लागले.

पण सगळ्यात चपळ निघाली ती वधू-वर मंडळं.

"अकराला घ्यायचं म्हणून राहिले झाडेकाका," आई फोनवर म्हणाली. "म्हणजे चारला बरोबर पाच तास होतात. मुलगाही घेणार आहे. मी बाटली पाठवली आहे कुरिअरनं."

"आई, ते कशासाठी असतं माहीत आहे तुला?"

"मी काय दूधखुळी आहे? ज्याच्यासाठी असेल त्याच्यासाठी असो. आता चांगल्या कामाला लागून राहिलं ना?"

"हे चांगलं काम?"

"एका दुपारी जीव जडून मोकळी होशील. काय वाईट आहे त्यात?"

रेणुकानं रागानं फोन ठेवला.

पुलगावला जायच्या आदल्या रविवारी अंशुल आला होता. नेहमीसारखी सकाळ झाली. आरशासमोर त्यानं नाक वर केलं. रेणुकानं बाटली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं : मेण, कुलपं, अडीचचा फोन.

तो आधी हसला. मग थांबला.

"म्हणजे मला जे होऊन राहिलं, ते हे आहे?"

"तुलाही होतंय?"

"महिनाभर झाला. वाटलं, बॅटऱ्यांचा वास डोक्यात गेला." तो पलंगाच्या कडेवर बसला. "जंगलावर ड्रोन फिरत असतं, पडद्यावर सगळीकडे हिरवं, आणि मी घड्याळ पाहून राहतो. अडीच कधी वाजतील. तेही ज्या दिवशी मी तिथेच असतो त्या दिवशी. पोचायचंच नसतं कुठे."

हे कोणी आपल्याला सांगावं असं रेणुकाला किती दिवसांपासून वाटत होतं ते तिला त्या क्षणी कळलं. आणि त्याच क्षणी तिला ते नको झालं.

"ते माझ्याबद्दल नाहीये, अंशुल. ते फोनबद्दल आहे. त्या वेळी आमच्या गावच्या झाडेकाकांनी फोन केला असता तर तुझा जीव झाडेकाकांवर जडला असता."

"पण केला तर तू ना."

"फोन तू करायचास!"

"तेच ते. चांगलं झालं ना मग? दोघांचं एकाच ठिकाणी गळलं."

"चांगलं? गळका नळ आहे हा."

"नळ गळका असला तरी पाणी तर खरंच असतं ना बे."

"मला माझं स्वतःचं पाहिजे," रेणुका म्हणाली. आवाज चढला होता. "मी निवडलेलं. अपघातानं आत शिरलेलं नको. मला कळत कसं नाही, हे माझं आहे की औषधाचं?"

"मग काय करतेस?"

तिनं सांगितलं. पुढचा रविवार, पुलगाव, अकराला फवारा, चारला डाखोरे. ताजं जिंकतं.

अंशुलनं बूट घातले. नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला. दारात म्हणाला, "आज फोन नाही करत मी." गेला.

अडीच वाजले तेव्हा रेणुकानं कपडे वाळत घातले. पावणेतीनला तेच कपडे काढून परत घातले. फवारा त्या दिवशी कोणी घेतलाच नव्हता, म्हणजे मेण नाही, पाचवा तास नाही. तरी छातीत कोणीतरी भांडी घासत असल्यासारखं चाललं होतं. सव्वातीनला तिनं फोन उचलला आणि त्याचा नंबर काढला. लावला नाही. साडेतीनला परत तेच.

प्रश्न ५. दुसरा फवारा घेतला का?

पुलगावच्या घरी न्हाणीघरात अकराला ती बाटली हातात घेऊन उभी होती. बाहेर आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती.

हे इतकं सोपं होतं. एक फुस्स, आणि चारनंतर अहेरी हे नकाशावरचं एक गाव. समोर चांगला शिकलेला मुलगा, आईचं समाधान, आणि स्वतःचा जीव अगदी जागच्या जागी. तिनं बाटली नाकाला लावली. मेण वितळेल, कुलपं वाट पाहत राहतील, आणि आत कोण यायचं ते झाडेकाकांनी ठरवलेलं असेल. हेही तिनं निवडलेलं नव्हतंच.

बाटलीचं तोंड तिनं मोरीकडे वळवलं. फुस्स.

चारला पाहुणे आले. संकेत डाखोरे उंच, किंचित वाकलेला, नव्या शर्टाच्या घड्या न मोडलेल्या. सोबत फक्त वडील. ते खुर्चीच्या कडेवर बसले, हात गुडघ्यांवर, जणू कोणी हजेरी घेणार आहे. झाडेकाकांनी घड्याळ पाहिलं आणि "मुलामुलीला बोलू द्या जरा" म्हणत सगळ्यांना आतल्या खोलीत पिटाळलं.

"तुम्हाला... प्रवास झाला का नीट?" संकेतनं विचारलं.

"हो. तुमचा?"

"आमचाही." त्यानं शर्टाची बाही सरळ केली. "आमच्याकडे या वर्षी संत्री—" तो म्हणाला आणि थांबला.

रेणुकानं ते घडताना पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. आधी त्याचे खांदे सैल झाले. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू खूप दिवस गर्दीत शोधत असलेलं माणूस अचानक दिसावं. तो तिच्याकडे पाहत होता. तिच्यात पाहण्यासारखं काहीही घडलेलं नसताना पाहत होता.

"तुम्ही इथेच बसा," तो हळूच म्हणाला. "उठू नका. प्लीज."

तिनं फक्त बसून राहायचं होतं. वीस मिनिटं. एका भल्या माणसाच्या आयुष्यात ती कायमची राहायला गेली असती आणि तिला काही वाटलंही नसतं. फोनवर रडणारी एकशे बारा माणसं तिला आठवली. त्यांच्यासमोर जे बसले होते त्यांना निदान माहीत नव्हतं.

ती उठली.

"जाऊ नका ना," संकेत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

ती आतल्या खोलीत धावत गेली. "काका, बाहेर चला."

डाखोरेकाका गोंधळून उभे राहिले. "काय झालं? काही चुकलं का त्याचं?"

"काही नाही चुकलं. त्याच्यासमोर बसा. हात धरा त्याचा. बोला काहीही."

"मी?" ते म्हणाले. "मी काय बोलू? आमचं तसं... बोलणं नसतं फारसं."

"मुहूर्त चुकून राहिला!" झाडेकाका ओरडले. "पोरी, तू बस समोर!"

रेणुकानं डाखोरेकाकांचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढत नेऊन मुलासमोरच्या खुर्चीत बसवलं. मग बाहेरच्या खोलीचं दार लोटून घेतलं. फटीतून दिसत राहिलं. म्हाताऱ्यानं खुर्ची थोडी पुढे ओढली. मग त्यानं मुलाचा हात हातात घेतला, एखादं उधार आणलेलं भांडं धरावं तसा.

"घसा बसला का तुझा?" त्यानं विचारलं. "येताना खोकत होतास."

संकेतनं मान हलवली आणि कपाळ वडलांच्या खांद्यावर टेकवलं.

"संत्र्यांचं सांगत होतास तू. सांग की. मी ऐकतोय," म्हातारा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यानं तर कधी फवारा पाहिलाही नव्हता.

रेणुका पाहत राहिली. दोन माणसं रडत होती. एकाच्या नाकात औषध होतं, एकाच्या नव्हतं. फटीतून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं कोणाचं कुठलं.

इतर

पाहुणे गेले. जाताना संकेतनं तिला फाटकाशी विचारलं, "तुम्ही घेतला नव्हता ना?" ती नाही म्हणाली. "म्हणजे मी तुम्हाला आवडलो नाही, ते खरं आहे." "हो," ती म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि वडलांचा हात धरून गाडीकडे गेला. झाडेकाका पोहे न खाताच गेले.

आई ओट्यापाशी उभी होती. पाठमोरी. चार दिवसांचा अबोला आता सुरू झाला असं रेणुकाला वाटलं.

"मला अकरा वर्षं लागली," आई म्हणाली.

"कशाला?"

"तुझ्या बाबांबद्दल काही वाटायला. तुझा जन्म झाला, घर झालं, सासू गेली. तरी काही नाही. चांगला माणूस होता, पण आपला शेजारी चांगला असतो तसा." तिनं कढईतले पोहे उगाच हलवले. "म्हणून म्हटलं, पोरीला एका दुपारी होऊन जाईल तर अकरा वर्षं वाचतील. दुसरं काही मनात नव्हतं माझ्या."

रेणुकाला हे कधीच माहीत नव्हतं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांचा चष्मा आई अजून पुसून ठेवायची.

"अकराव्या वर्षी काय झालं?"

"काही नाही. कुकरची रिंग बसवत होते. तीनदा उलटी बसवली. चौथ्यांदा माझ्याकडे पाहिलं. बस."

"एवढंच?"

"एवढंच. आता काऊन ते विचारू नको, मलाही माहीत नाही. कुकर तर त्याआधीही उलटे बसवले होते त्यांनी."

रेणुका खाली पाटावर बसली. मग म्हणाली, "अंशुल गेडाम नाव आहे त्याचं. अहेरीला असतो."

आईनं गॅस बंद केला. "कधीपासून?"

"एकोणीस रविवार."

"फवाऱ्याचं आहे का ते?"

"असेल. मला माहीत नाही. मागच्या रविवारी कोणीच घेतला नव्हता, तरी..." ती पाटाची कड नखानं खरवडू लागली. "आई, ते त्याचं आहे, औषधाचं आहे, की माझं, मला सांगताच येत नाही."

आईनं दोन बशा काढल्या. पोहे वाढले, वर खोबरं घातलं, लिंबू पिळलं. एक बशी लेकीपुढे सरकवली.

"गेडाम म्हणजे आपल्यातला नाही."

"नाही."

आईनं खाऊन झाल्यावर बशी खाली ठेवली.

"पुढच्या रविवारी घेऊन ये त्याला. जेवायला," ती म्हणाली. "आणि नाकात काही मारून येऊ नका, दोघंही. मला बघायचंय तुम्ही नुसते कसे बसता ते."

"आणि नुसतं बसून काही नाहीच वाटलं तर?"

"तर जेवून जाईल," आई म्हणाली.